आपोआप लागणारं दार

टँकरचा भोंगा ऐकला की माझा हात आधी कमरेला जातो. किल्ली आहे ना. मग गॅसकडे बघते, मग मुलीकडे, नि मगच हंडा उचलते. मुलगी आता शाळेत जाते, सुट्टीत दिवसभर खाली लंगडी खेळते, तिला कसली झोळी नि कसलं काय. तरी मान वर जातेच. छताचा हूक अजून आहे. त्याला मी काही अडकवत नाही, पण काढूही देत नाही.

परत मे आला. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं, नि मग भोंगा, नि जिन्यात चपलांचा नि हंड्यांचा आवाज. वसईचा मे दुपारचा बघावा. सकाळभर पान हलत नाही, ब्लाऊज पाठीला चिकटतो, नि दुपार कलली की समुद्राकडून एकदम वारा सुटतो. होळी बाजाराकडच्या वाड्यांतली केळीची पानं चिरफाळून टाकतो, दोरीवरचे कपडे उलटे करतो, नि बिल्डिंगमधली दारं एकामागून एक धाडधाड आपटतात. बायका म्हणतात, आला बाई वारा, बरं वाटलं. मला नाही बरं वाटत. मी त्याला ओळखते. त्यानं एकदा माझं दार लावलं होतं.

मी चांदीप गावची. आमच्याकडे दाराला कडी. दार म्हणजे माणसानं लावायची गोष्ट, आपण लावलं तर लागतं, नाही तर उघडं राहतं, कोंबडी येते, कुत्रं येतं, शेजारीण येते. लग्न होऊन या फ्लॅटात आले तर दाराला लॅच. ते आपलं आपणच लागतं. बाहेरून कितीही ढकला, किल्लीशिवाय उघडत नाही. आतून मात्र नुसतं बोटानं फिरवायचं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी दाखवलं होतं, मी मान हलवली होती, मनात म्हटलं, दार ते दारच. माझी शाळा नववीत सुटलेली, इथं सगळे शिकलेले. मी ‘पानी’ म्हटलं की सासूबाई पेला हातात घेऊन आधी ‘पाणी’ म्हणायच्या नि मग प्यायच्या. म्हणून मी मान हलवायला शिकले होते. विचारायला नाही.

घरात सासूबाई, हे, मी, माझी तान्ही सोनू, नि माझे धाकटे दीर मंदार भावजी. माणसं साताऱ्याकडची, मोठे दीर नि मोठ्या जाऊबाई तिकडेच गावाला, त्यांना मूल नाही. मंदार भावजी इंजिनिअरिंगला. त्या वर्षी परीक्षा संपल्या नि त्यांचे दोन मित्र रोज यायला लागले. पराग स्टेशनजवळचा, बडबड्या. डॉमनिक निर्मळचा, त्यांची केळीची वाडी, मोगरा. सकाळी आईला फुलं तोडून द्यायचा नि मग स्कूटर काढून इकडे, तर त्याच्या शर्टाला मोगऱ्याचा वास नि हाताला केळीचे काळे डाग.

आतल्या खोलीचं दार लावून तिघं खेळायचे. पत्ते नाही, कॅरम नाही. भावजींनी कोणाकडून तरी झेरॉक्सचा गठ्ठा आणला होता, इंग्रजी, त्यात राक्षसांची चित्रं. मला चहा देता देता कळलं ते असं, की एकजण सांगणारा, तो म्हणतो, तुम्ही एका गुहेत आलात, पुढे खोली आहे, खोलीत हे आहे, ते आहे. बाकीच्यांनी सोंगं घेतलेली, कोणी तलवारवाला, कोणी चोर, कोणी जादूगार, ते म्हणतात, मी हे करतो. मग फासा टाकायचा. आपला लुडोचा नाही, कोपरे कोपरे असलेला, खूप तोंडांचा. मोठा आकडा पडला तर जमलं, छोटा पडला तर मेलात. फासे कपाटाखाली जायचे म्हणून माझी कणकेची परात आत घेऊन जायचे. परातीत फासा पडला की खणखण, खणखण. मी स्वयंपाकघरात, नि दुपारभर तो आवाज.

एकदा मी विचारलं, “मेल्यावर परत उठता का हो?”

पराग म्हणाला, “वहिनी, ये तुम्हारा सिरीयल नहीं है.” नि तिघं हसले. भावजी म्हणाले, “जाताना दार लावून घ्या.”

त्या दुपारचं सांगते. एकदाच सांगते.

सासूबाई माझ्या नणंदेकडे गेलेल्या. हे कामावर. लाईट गेलेली, पंखे बंद. सोनूची झोळी मी स्वयंपाकघरात बांधली होती, तिथं खिडकी. दूध बारीक गॅसवर. नि भोंगा. टँकर रिकामा व्हायला वेळ लागत नाही, आदल्या खेपेला आम्हाला थेंब मिळाला नव्हता. मी आतल्या दारावर टकटक केलं, म्हटलं, “भावजी, मी खाली जाते, दुधाकडे बघा, सोनू झोपलीय.” आतून “हो हो” आलं. मी ऐकलं ते. दोन वेळा हो.

हंडा भरून वर आले तर दार लागलेलं. मी ढकललं. परत ढकललं. मग कळलं. किल्ली आत, खिळ्याला. बेल दाबली, पण लाईट कुठली. मग हातानं वाजवलं. आतून परातीचा आवाज येत होता, खणखण. मी वाजवलं नि तो आवाज थांबला. थांबला, मी सांगते. दाराला कान लावला होता मी. थांबला, कोणीतरी काहीतरी बोललं, कोणीतरी हसलं, नि परत खणखण. मी दोन्ही हातांनी वाजवलं, भावजी, भावजी, सोनूचं रडणं सुरू झालं, आधी जोरात, मग खोकत खोकत, नि मग दाराच्या फटीतून वास आला. दूध उतू जाऊन गॅस विझला होता नि नुसता सुटला होता. कुजक्या कांद्यासारखा तो वास. आजही भाजीवाल्याकडे नासका कांदा दिसला की मी पुढच्या गाडीवर जाते.

मी खाली ठेवलेला भरलेला हंडा उचलून दारावर घातला. हंडा चेपला, पाणी धो धो जिन्यावरून खाली. माझ्या ओरडण्यानं मजल्यावरचं एक दार उघडलं नव्हतं, पाणी वाया जाताना बघून सगळी उघडली. तेव्हा कुठं आतून लॅच फिरला. मंदार भावजी. “काय वहिनी, दार तोडता काय?”

मी त्यांना ढकलून आत गेले. नॉब बंद केला, खिडकीच्या काचा सगळ्या सरकवल्या, झोळीतून सोनूला काढलं. तिचं तोंड रडायला उघडं होतं नि आवाजच नव्हता. आवाज बसला होता. डोळ्यांतून नुसतं पाणी. मी तिला घेऊन गच्चीवर पळाले नि त्याच वाऱ्यात उभी राहिले, ज्यानं दार लावलं होतं. डॉक्टर म्हणाले, वाचली. एवढंच म्हणाले.

संध्याकाळी सासूबाई आल्या, हे आले. भावजींनी आधीच सांगून टाकलं, की वहिनी दूध ठेवून खाली गप्पा मारत बसल्या, दार लावून गेल्या, आम्हाला काही ऐकूच आलं नाही. “ऐकू आलं असतं तर उघडलं नसतं का, आई?” किती साधं. कोणालाही पटेल असं.

सासूबाई म्हणाल्या, “पंख्याच्या आवाजात नसेल ऐकू आलं पोरांना.”

मी म्हटलं, “आई, लाईट नव्हती.”

“उलट बोलू नकोस.” मग ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, “हिला लॅच कळत नाही, हिला पोर काय सांभाळता येणार? मोठीला बोलावून घेते. पाऊस लागायच्या आत पोरगी गावाला नेऊ दे. मोठी जीव लावेल तिला.”

हे दाराशी खाली वाकले. चप्पल काढत होते, काढतच राहिले.

मोठ्या जाऊबाई वाईट नाहीत. पण ज्या बाईला मूल नाही तिच्या मांडीवर तान्हं मूल एकदा गेलं की ते परत मागायचं कोणी? मी चांदीपला जाऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, म्हणाली, “आपोआप लागतंय ते दार कुना मेल्यानं केलं?” नि मग रडायला लागली. तिच्याकडून काही होणार नव्हतं. आभाळ रोज दुपारी पूर्वेकडे काळं व्हायला लागलं होतं, लोक म्हणायचे, लवकर येतोय यंदा. मी त्या ढगांकडे बघून म्हणायचे, नको. थांब. नको.

भीती वाटली की माणूस गप्प होतं, असं म्हणतात. मी गप्प झाले खरी. पण आत काय चाललं होतं ते मलाच माहीत. भांडी घासताना, टँकरच्या रांगेत, सोनूला पाजताना, मला सारखं एकच दिसायचं, की ते तिघं आत आहेत नि मी बाहेर. नि मग एक दिवस हंड्यांच्या रांगेत उभं राहून मला वाटलं, खोली सांगणारा जे सांगतो तेच त्या खेळात खरं असतं. भावजी तलवार घेऊन उभे राहिले काय नि काय, सांगणाऱ्यानं म्हटलं दार लागलं, की लागलं.

दुसऱ्या दिवशी चहा देताना मी म्हटलं, “भावजी, एक खोली मी सांगू?”

पराग फसकन हसला. भावजी म्हणाले, “वहिनी, ह्याला इंग्रजी लागतं.”

“खोलीला काय इंग्रजी लागतं?”

डॉमनिक खाली बघत म्हणाला, “सांगू दे रे तिला.” त्या दुपारपासून त्यानं माझ्याकडे मान वर करून बघितलं नव्हतं. पण दोनदा वेलची केळ्यांचा घड आणून ओट्यावर ठेवून गेला होता, सोनूसाठी, न बोलता. सोनूला दात नव्हते अजून. ती केळी बघूनच मला कळलं होतं, की तिघांतला कोण आधी फुटेल.

“रविवारी,” मी म्हटलं. “हॉलमध्ये बसा. तिथं वारा येतो.” रविवारी हे घरी असतात, नि सासूबाई हॉलमध्ये तांदूळ निवडायला बसतात.

खोली मला बनवायची नव्हतीच, ती होतीच. मी तिला नुसते राजाचे कपडे घातले. गॅसची दगडी चूल केली, पातेल्याचं तांब्याचं भांडं, त्यात पांढरं काहीतरी सावकाश वर येतंय. छताला रेशमी झोळी, तिच्यातून रडण्याचा आवाज. आमच्या कोरड्या नळाला मी सिंहाचं तोंड लावलं, कोरडंच ठेवलं. दार लोखंडी केलं, वाऱ्यानं लागणारं. आणि ह्या हुशार पोरांना कोडं हवं असतं, हे मला ठाऊक होतं, म्हणून भिंतीत मसाल्याचा डबा बसवला. सात वाट्या, सात रंगांच्या पुडी, वर लिहिलेलं, योग्य क्रम लावा. त्या डब्यात काही नव्हतं. क्रम कुठलाच नव्हता. तो नुसता त्यांना गुंतवायला. तो डबा सुचला तेव्हा मी मोरीत एकटी हसले, किती दिवसांनी.

वेळ मोजायला चिंचोके घेतले, मूठभर. एकेकानं काही केलं की एक चिंचोका उचलायचा. चिंचोके संपले की झोळीतला आवाज बंद. हे मी त्यांना सांगणार नव्हते.

रविवार आला. हॉलमध्ये सतरंजी, मध्ये माझी परात. हे खुर्चीत पेपर वाचत. सासूबाई भिंतीला टेकून, मांडीवर सूप. सोनू माझ्या खांद्यावर. चिंचोके माझ्या हातातून परातीत सांडले नि सगळे हसले.

मी सांगितलं. वारा सुटला नि दार लागलं. खोलीत अंधार, कुजका वास, झोळीत रडणं, चुलीवर पांढरं वर येतंय. काय करता?

“मशाल पेटवतो,” पराग म्हणाला. नि फासा टाकला, मोठा पडला.

“पेटली,” मी म्हटलं. “नि खोलीभर भडका उडाला. तुमचा अर्धा जीव गेला, परागभाऊ.”

“अरे! फासा वीसच्या आसपास आला ना!”

“पेटवायला जमलं की. वास आला होता ना तुम्हाला?”

ह्यांनी पेपर खाली केला. मी चिंचोका उचलला.

मग त्यांना डबा दिसला नि तिघं त्यावर पडले. पिवळी आधी, हळद, मग लाल. नाही रे, इंद्रधनुष्यासारखं लाव. उलटं लाव. खणखण, खणखण. मी एकेक चिंचोका उचलत होते. मी म्हटलं, झोळीतलं मूल खोकतंय. भावजी म्हणाले, “ते मायाजाल आहे, लक्ष नका देऊ. पराग, निळी कुठाय?”

“आता बाहेरून दार वाजतंय,” मी म्हटलं.

पराग म्हणाला, “कोण आहे?”

“बाई आहे. हाका मारतेय.”

“राक्षसीण असणार,” भावजी म्हणाले. “उघडायचं नाही.”

चिंचोका. “आता दोन्ही हातांनी वाजवतेय. मुलाचा आवाज बारीक झालाय.”

सुपातला आवाज थांबला होता की नाही तेव्हा, मला आठवत नाही. माझं लक्ष डॉमनिककडे होतं. त्याचा फासा त्याच्या मुठीत होता नि मूठ पांढरी झाली होती. तो म्हणाला, “मी दार उघडतो.”

“बस रे,” मंदार भावजी म्हणाले, डब्यावरून मान वर न करता. “वाजवू दे. एवढी टर्न होऊ दे.”

बाहेर केळीवाल्याची सायकल गेली, तिची घंटी ऐकू आली.

डॉमनिकनं फासा परातीत ठेवला, टाकला नाही, ठेवला. “त्या दिवशी पण हेच बोल्लास तू, मंद्या. हेच. वाजवू दे, एवढी टर्न होऊ दे. मी उठलो होतो नि तू माझा शर्ट धरलास.”

“काय बोलतोस? कुठल्या दिवशी?”

“तुला माहीत आहे.”

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. त्यांचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता. “मंदार, ऐकू आलं होतं तुला?”

“आई, आम्हाला वाटलं ती नुसतीच पाण्यासाठी...”

“ऐकू आलं होतं का, एवढंच विचारतेय.”

भावजींनी हो म्हणून मान हलवली. माझ्यासारखीच, खाली बघून.

सासूबाईंनी माझी माफी मागितली नाही, मागतील असं मला वाटलंही नव्हतं. त्या उठल्या, माझ्या खांद्यावरची सोनू घेतली, तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, नि परत माझ्याच हातात दिली. मग ह्यांना म्हणाल्या, “पीसीओवर जा नि मोठीला सांग, येऊ नको. पोरगी आईजवळ राहील.” हे लगेच चप्पल घालून गेले. त्या वेळी चप्पल घालायला वेळ लागला नाही.

पाऊस त्याच आठवड्यात आला. सोनू माझ्याजवळ होती.

लोक म्हणतात, झालं गेलं विसरावं. मी विसरले नाही, विसरायचा विचारही नाही. भावजी माझ्याशी नीट वागायला लागले, ताट उचलून ठेवायला लागले, चार माणसांत वहिनी वहिनी करायला लागले. मी जेवायला वाढते, सणाला ओवाळते. पण ती खोली मी पुढे सांगितली नाही. उरलेले चिंचोके पदरात बांधले नि उठले. डॉमनिकला मी सोडलं, तो पुढच्या वेळी केळी घेऊन आला तेव्हा त्याला म्हटलं, तू बाहेर आहेस, तुझा हात दाराला लागला होता. तो हसला नि रडलाही थोडा. बाकीचे दोघं अजून आत आहेत. पराग विसरला असेल. मंदार भावजी नाही विसरले. नोकरी लागली, लग्न झालं, तरी वर्षातून एकदा तरी, काहीतरी गंमत केल्यासारखं विचारतात, “वहिनी, त्या खोलीतून सुटायचं कसं होतं? त्या वाट्यांचा क्रम काय होता?”

मी म्हणते, “विचार करा, भावजी.”

गेल्या आठवड्यात त्यांच्या नव्या फ्लॅटवर गेले होते. पलीकडच्याच गल्लीत घेतलाय. त्यांची बायको माधुरी कऱ्हाडजवळच्या खेड्यातली, माझ्याहून लहान, बाळ तीन महिन्यांचं. तिच्या दाराला लॅच. मी पिशवीतून जुन्या साडीची पट्टी काढली नि लॅचच्या दोन्ही बाजूंनी गुंडाळून बांधून दाखवली, म्हणजे जीभ दाबून राहते नि दार लागत नाही. खाली जाशील तेव्हा अशी बांधायची, म्हटलं, नि किल्ली खिळ्याला नाही, कमरेला. ती माझ्याकडे बघत होती. मग मी तिला ती खोली सांगितली, पहिल्यापासून. ती म्हणाली, “मग ताई, सुटायचं कसं होतं?”

तिला मी सांगितलं. “काहीच नव्हतं गं. दाराला आतून कुलूप नव्हतंच. नुसतं उठायचं, लॅच फिरवायचा, नि बाहेरच्या बाईला आत घ्यायचं. बाकी ती बघणारच होती.”

पट्टी मी सोडून तिच्या हातात दिली, तिला बांधून बघायला. तेवढ्यात खाली भोंगा वाजला. भावजी आतून हंडा घेऊन आले, म्हणाले, “माझं मी आणतो, तुम्ही बसा गप्पा मारत,” नि गेले. बाळ माधुरीच्या मांडीवर दूध पीत होतं. मी गॅस बंद आहे ना ते बघून आले, दोनदा बघितलं, नि चहाचा कप घेऊन बसले.

वारा सुटला. पडदा छतापर्यंत गेला. दार धाडकन लागलं, नि माझा हात कमरेला गेला. मी बाळाकडे बघितलं. पीत होतं.

थोड्या वेळानं बाहेरून थाप पडली. लाईट नव्हती, बेल कुठली वाजायला. मग दोन थापा. “माधुरी! अगं, दार लागलंय! वहिनी!”

माधुरी बाळ घेऊन उठायला लागली. मी तिचं मनगट धरलं.

“वाजवू दे,” मी म्हटलं. “एवढा चहा होऊ दे.”

ती आधी घाबरली, नि मग तिचे ओठ हलले, नि ती परत खाली बसली. बाहेर डोक्यावर भरलेला हंडा घेऊन मंदार भावजी हाका मारत होते, वहिनी, अहो वहिनी. मी कपात बघितलं. दोन घोट होते. गरम होता अजून, म्हणून फुंकून प्यायले.